झटक्यांच्या वहीची मागची पानं

१ नोव्हेंबर २००९, रविवार. उमरठ

ही वही खरं तर माझी नाही. पोलादपूरच्या शाळेत आज मेंदूच्या आजारांचं शिबिर होतं, तिथे रंजितासाठी मिळाली. झटका कधी आला, किती वेळ राहिला, आदल्या दिवशी झोप झाली होती का, हे तारीख टाकून लिहायचं आहे. रंजिता माझी एकुलती मुलगी. अठरा वर्षांची, बारावीत. चार वर्षं झाली, तिला फेफरं येतं. दोन गोळ्या चालू आहेत, तरी महिन्यातून दोन-तीनदा पडतेच.

पुढची पानं तिची. मी मागून सुरुवात केली आहे. का, ते सांगता येत नाही. हातात कोरी वही आली आणि लिहावंसं वाटलं.

वही देणारी मुलगी महाडची, आम्रपाली. पुण्याला संशोधन करते, डॉक्टरांबरोबर आली होती. मी तिला मॅडम म्हणालो तर हसली. ‘काका, माझ्या शाळेचा फ्रॉक तुम्ही शिवला होता. मी एक खिसा मागितला, तुम्ही दोन लावलेत.’ तेव्हा तिचे वडील धम्मपाल पोलादपूरच्या कचेरीत कारकून होते. मला फ्रॉक आठवेना, खिसे आठवले.

डॉक्टरांनी विचारलं, ‘घरात आणखी कुणाला असं होतं? आजी, आजोबा, काका? झटका मेंदूत कुठून सुरू होतो ते कळलं तर योग्य गोळी ठरवता येईल. आत्ता आम्ही अंदाजानं देतो आहोत.’ मी म्हणालो, नाही, कुणाला नाही.

घरी हे सांगितलं तर आक्का म्हणाली, ‘त्यात इचारायचं काय? कुडपनचा वारा हाय तो. ढगात राहनारी मानसं. रंजीचा मामा नाय का पान्यात पडून गेला?’ साळूआक्का माझी थोरली बहीण, नवरा गेल्यापासून आमच्याकडेच असते. संजीवनी माझी बायको, तिचं माहेर वर पठारावरचं कुडपण. ती तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

४ नोव्हेंबर, बुधवार

आज पोलादपूरच्या बाजारातल्या दुकानात ती वेळ आली.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. देवानं दिलेलं बोललं की जातं, असं आबा, म्हणजे माझे वडील, म्हणायचे. पण वही बोलत नाही.

आधी ऊद जळल्याचा वास येतो. आसपास ऊद नसतो. मग बाजार लांब जातो, सावित्रीच्या पलीकडच्या काठावर असावा तितका. माणसं बोलताना दिसतात, आवाज पाण्यावरून आल्यासारखा येतो. आणि वाटतं, हे सगळं एकदा होऊन गेलं आहे. समोरची बाई आता पदर सावरणार, आता म्हणणार की बाही आखूड झाली, आणि ती तसंच म्हणते. पोटातून काहीतरी ऊबदार वर चढतं. त्यापुढे मी नसतो. परत येतो तेव्हा अंग जड असतं, पण मन धुतल्यासारखं.

आज परत आलो तेव्हा मशीनची सुई बोटात होती. दुखलं नंतर.

वीस-बावीस वर्षं हे चालू आहे. महिन्यातून एक-दोनदा. नामस्मरण मी फार नेमानं करतो असं नाही. तरी माझ्यासारख्या शिंप्याच्या पदरात हे कशासाठी पडावं, याचं आश्चर्य वाटतं.

११ नोव्हेंबर, बुधवार

अवेळी वादळ. झोडून ठेवलेलं भात भिजलं. दुकान बंद ठेवलं. रंजिता बरी.

१५ नोव्हेंबर, रविवार

आम्रपाली घरी आली होती. रंजिताचं, संजीवनीचं आणि माझं रक्त घेतलं. आक्का म्हणाली, ‘माजं नको. माज्यात उरलंय किती?’

मी विचारलं, रक्तात तुम्ही काय शोधता? तिने ओटीवर बसून सांगितलं. मला समजलं तेवढं लिहितो.

शरीराच्या प्रत्येक पेशीत एक मूळ लिखाण असतं. ते जागचं हलत नाही. काम निघेल तशी त्याची नक्कल काढतात, तिला आरएनए म्हणतात. ती नक्कल वाचून प्रथिनं बनतात आणि त्यांवर शरीर चालतं. ‘पण काका, कित्येक लांबच लांब नकला अशा निघतात की त्यांतून काहीच बनत नाही. लोक म्हणायचे, हा कचरा आहे. आता कळायला लागलंय की त्या इतरांना सांगतात, तू आता बन, तू थांब, तू पुरे.’

मी म्हटलं, म्हणजे कच्चा टाका.

तिला कळलं नाही. मी आतून अर्धवट शिवलेला कोट आणून दाखवला. पक्की शिलाई घालण्याआधी आम्ही पांढऱ्या दोऱ्यानं लांब लांब टाके घालतो. कोट झाला की तो दोरा ओढून टाकतात. अंगावर घालणाऱ्याला तो कधी दिसत नाही. पण तो नसेल तर कापड मशीनखाली सरकतं आणि बाही भलतीकडे बसते.

ती बराच वेळ त्या दोऱ्यावरून बोट फिरवत राहिली. म्हणाली, ‘आमच्या सरांना हे सांगायला हवं.’

मग तिने फेफऱ्याचं सांगितलं. मेंदूतल्या पेशी एकमेकींना हाका मारतात. काही पेशींचं कामच मुळी गप्प बसा म्हणण्याचं. उंदरांत असा एक लांब आरएनए बंद करून पाहिला, तर त्या गप्प करणाऱ्या पेशी काही ठिकाणी कमी पडल्या. गप्प करणारं कुणी उरलं नाही की बाकीच्या उठतात आणि एकाच वेळी, एकाच तालात हाका मारायला लागतात. तोच झटका. ‘पण हे उंदरांचं आहे हं, काका. माणसात कसं ते अजून कुणाला नीट माहीत नाही. मीही चाचपडते आहे. रंजिताला यातून लगेच काही मिळेल असं मी म्हणणार नाही.’ तिचं हे प्रामाणिक बोलणं आवडलं.

सगळ्यांनी एका तालात येणं, हे मी जन्मभर चांगलंच समजत आलो. आमचं भजन तेव्हाच रंगतं.

जाताना तिने रंजिताला विचारलं, ‘पडण्याआधी तुला काही जाणवतं का गं?’ डॉक्टरांनी विचारलं तेव्हा रंजिता लाजली होती. आज बोलली. ‘वास येतो. भात करपल्यासारखा. आई म्हणते भात करपलाच नाय. आनि मग असं वाटतं की हे समदं आधी झालंय. तू इथं बसलीयस, हे पन झालंय.’

आम्रपालीनं ते लिहून घेतलं. मी कोट घडी करत होतो. घडी तीनदा चुकली.

ऊद आणि करपलेला भात, हे दोन अगदी वेगळे वास आहेत.

१८ नोव्हेंबर, बुधवार

सप्त्याचं ठरवायला हैबती आला होता. हैबती आमच्या देवळातला वीणेकरी, माझ्याच वयाचा, लहानपणापासूनचा सोबती. म्हणाला, ‘कुशाबा, पोथीला औंदाबी तूच बस. लोकं तुज्या थांबन्यासाठी येत्यात रे, वाचन्यासाठी नाय. वाचायला मास्तर बी वाचंल.’ मी म्हटलं, थट्टा पुरे कर. तर तो हात जोडून म्हणाला की गेल्या साली नवव्या

नवव्या काय, ते आठवत नाही. शाईचा ओघळ पानाच्या तळापर्यंत गेला आहे. समोर चहा आहे, गार झालेला. संजीवनीनं कधी ठेवला?

२१ नोव्हेंबर, शनिवार

दुकान लवकर बंद करून शिवथरला घळीत जाऊन आलो. मन ठिकाणावर नव्हतं. धबधबा आता बारीक झाला आहे. घळीत बसलं की बाहेरचं ऊन पाण्याच्या पडद्यातून आत येतं, भिंतीवर हलतं. दगड श्वास घेतो आहे असं वाटतं. आपणही त्या दगडात आहोत, कुणीतरी आपल्याला पाण्यामागून बघतं आहे.

पहिल्यांदा ती वेळ आली ती इथेच. मी सत्तावीस वर्षांचा होतो.

आज विचारायला गेलो होतो. काय विचारायचं ते तिथे पोचल्यावर शब्दांत येईना. पाणी पडत होतं. शेवटी एवढंच म्हणालो, माझं असेल तर माझ्याकडे राहू दे, पोरीला नको. परत येताना लक्षात आलं, की मी काय बोलून बसलो.

२४ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी रंजिता पेज उतरवत होती तेव्हा झटका आला. डावा हात कोपरापर्यंत भाजला. पोलादपूरच्या दवाखान्यात मलमपट्टी केली. पुढच्या पानांवर लिहिलं आहे: सकाळी सात वाजता, सुमारे चार मिनिटं, झोप बरी झाली होती.

दुपारी आक्कानं तोंड सोडलं. ‘लगीन करताना इचारायचं व्हतं कुडपनला, घरात काय हाय काय नाय. आमी भोळे.’ संजीवनी म्हणाली, ‘वन्सं, माज्याकडनंच आलं आसंल. म्या नाय कुठं म्हनतेय?’ आणि पिशवी भरायला लागली. तिच्या माहेरच्या देवीला पाच मंगळवार अनवाणी चढून जाणार आहे. पठारापर्यंत चढ केवढा. मी म्हटलं, गाडीनं तरी जा. म्हणाली, ‘गाडीनं गेलेलं देवीला कसं कळंल?’

ती पायवाटेला लागली तेव्हा मी ओटीवर उभा होतो. हाक मारायला तोंड उघडलं होतं. पण हाक मारून सांगणार काय? मला वास येतो, एवढंच ना? माणसाला वास येऊ शकतो.

एक हिशेब मात्र मनातून जात नाही. मी जर बोललो आणि ते तसं निघालं, तर बावीस वर्षं मी ज्याला नमस्कार केला ते काय होतं?

१ डिसेंबर, मंगळवार. दत्तजयंती

सप्ता पार पडला. आज शेवटचा अध्याय माझ्याकडे होता. देऊळ भरलेलं, बायका उजवीकडे, मध्ये समई. रंजिता पहिल्या रांगेत, हाताला पट्टी. चौथी की पाचवी ओवी वाचत होतो तेव्हा ऊद आला. आज देवळात खराखुरा ऊदही होता, त्यामुळे कुठला कुठला ते कळेना. अक्षरं पानावरून उठली. ही समई, हा हैबती, ही माणसं, सगळं होऊन गेलेलं. मग ऊब वर आली.

परत आलो तेव्हा टाळ वाजत होते आणि लोक रांगेनं पायांवर डोकं ठेवत होते. हैबतीच्या डोळ्यांत पाणी होतं. ‘लय येळ थांबलास रे आज. देव जवळ आला व्हता.’

रांगेत सगळे होते, रंजिता नव्हती. ती जागेवरच बसून माझ्या हातांकडे बघत होती. माझी बोटं अजून सदऱ्याचं बटण चाचपत होती, मला ते माहीत नव्हतं.

घरी येताना ती माझ्या बरोबरीनं चालत राहिली. शेताच्या बांधावर म्हणाली, ‘बाबा, वास आला व्हता का?’

मी म्हणालो, ‘कसला गो?’

ती भाजलेला हात दुसऱ्या हातात धरून पुढे गेली.

असा खोटं बोललो मी, दत्तजयंतीच्या दिवशी, पोथी खाली ठेवून तास झाला नव्हता तेव्हा.

२ डिसेंबर, बुधवार

सकाळी आक्काला विचारलं. ती परसात वाल सोलत होती.

‘आक्का, आबांना व्हायचं ना?’

‘काय?’

‘मधीच थांबायचे ते.’

ती सोलत राहिली. मग म्हणाली, ‘नांगर धरून हुबं ऱ्हायचं. बैल बी हुबं ऱ्हायचं. बांधावरनं मानसं हात जोडायची.’

‘मलाबी होतं.’

‘ठावं हाय. समद्या गावाला ठावं हाय. देवाचं हाय ते.’

‘मग रंजीचं?’

‘पोरीला कसं देवाचं आसंल?’ असं म्हणून ती थांबली. स्वतःचंच वाक्य तिला ऐकू गेलं असावं. वालाची शेंग हातात तशीच राहिली. मग पुटपुटली, ‘ती पडती रं. फेस येतो. आबा कदी पडलं नाय.’

‘मी पण पडत नाय. ही पडते, एवढाच फरक.’

‘मंग त्या बिचारीला म्या चार वरसं,’ आक्का म्हणाली आणि सूप उचलून आत गेली. वाल तिथेच सांडले.

मी पोलादपूरला जाऊन दुकानाशेजारच्या बूथवरून आम्रपालीला फोन लावला. वास, बाजार लांब जाणं, बटण, सुई, सगळं सांगितलं. शेवटी ती म्हणाली, ‘काका, हे तुम्ही शिबिरात का नाही सांगितलंत?’

मी म्हणालो, ‘तुम्ही आजार विचारला होतात.’

परत येऊन रंजिताला म्हणालो, ‘काल आला व्हता वास. उदाचा.’ ती अभ्यास करत होती. तिने फक्त सरकून बाकावर जागा केली. मी बसलो. तिच्या पुस्तकात मेंदूचं एक चित्र होतं, अक्रोडासारखं. तिने विचारलं, ‘घाबरायला होतं का तुमाला?’ मी म्हटलं, नाही, फार बरं वाटतं. ती म्हणाली, ‘मला लय भीती वाटते.’ एकच दार, आणि मी बावीस वर्षं त्याच्या अलीकडे हात जोडून उभा होतो. तिला कुणीतरी पुन्हा पुन्हा त्यातून ढकलत होतं.

संजीवनी अजून कुडपणला आहे.

५ डिसेंबर, शनिवार

कुडपणला स्वतः गेलो, संजीवनीला आणायला. तिच्या भावासमोर, भावजयीसमोर सांगितलं की हे आमच्याकडचं आहे, आबांपासूनचं. भाऊ म्हणाला, ‘चहा घ्या आधी.’ संजीवनीनं पायांना लावलेला पाला तसाच ठेवला आणि पिशवी उचलली. उतरताना धुकं होतं, ती पुढे, मी मागे. अख्ख्या उतारावर ती एक शब्द बोलली नाही. मला वाटलं रागावली आहे.

११ जानेवारी २०१०, सोमवार. पुणे

मला आणि रंजिताला शेजारी शेजारी झोपवलं, डोक्याला तारा चिकटवल्या. कागदावर दोघांच्या रेघा आल्या. डॉक्टरांनी दाखवलं: इथे, कानशिलाच्या आत, दोघांचंही एकाच जागी टोक उठतं. माझं उठून विझतं, तिचं सगळीकडे पसरतं. एवढाच फरक. तिची एक गोळी बंद केली, दुसरी दिली. तीच मलाही.

एका घरातले दोन मिळाले म्हणून आम्रपालीला आनंद झाला होता आणि तो दाखवायला ती संकोचत होती. मी म्हटलं, ‘हस बाई, तुझं काम झालं.’ म्हणाली, ‘काम आता सुरू होतंय, काका. त्या कच्च्या टाक्यात तुमच्याकडे काही वेगळं आहे का ते बघायला दोन-चार वर्षं जातील. नसेलही.’

मग मी तिला विचारलं, जे विचारायला घळीत गेलो होतो तेच. तो देव नव्हता का?

ती गोंधळली. ‘मला कसं विचारता? आमच्या घरी बुद्धवंदना असते, देवाची चौकशीच नसते.’ मग म्हणाली, ‘टोक कुठे उठतं ते कागदावर दिसतं. तुम्हाला काय दिसलं ते कागदावर येत नाही. एवढंच मला माहीत आहे.’

गोळी हातात घेऊन बराच वेळ बसलो. रंजितानं तिची घेतली, पाणी प्यायली, आणि ग्लास माझ्यापुढे धरला. घेतली.

७ फेब्रुवारी, रविवार

सत्तावीस दिवस. रंजिता पडलेली नाही. पुढची पानं कोरी चालली आहेत.

मला ती वेळ आलेली नाही. बाजार जवळच असतो, सगळे आवाज आपापल्या जागी. समोरची बाई काय म्हणणार ते कळत नाही, ती म्हणाल्यावर कळतं. संध्याकाळी जप करतो. पूर्वी वाटायचं, पलीकडे कुणीतरी आहे. आता नुसता जप असतो. तरी करतो.

हैबतीला सांगितलं तर चिडला. ‘गोळीनं देव जातो व्हय रे?’ मी म्हणालो, ‘गोळीनं गेला तर तो कोण व्हता, हे मला इचारू नको.’ दोन दिवस बोलला नाही. आज दुकानात येऊन सदरा टाकून गेला. कॉलर उलटायची आहे.

१४ फेब्रुवारी, रविवार

दुपारी संजीवनी आणि मी दोघंच घरी. आक्का कुणाकडे बारशाला गेली होती. तिथे तिने चार बायकांत सांगितलं म्हणे, की आमच्या बापाकडनं आलेलं आहे, भावजयीचा काही दोष नाही. रंजिता आत झोपलेली.

संजीवनीनं विचारलं, ‘किती वरसं व्हत व्हतं तुमाला?’

‘बावीस.’

‘जेवताना बी?’

‘कधीकधी.’

ती भाकरी मोडत होती. म्हणाली, ‘म्या काय इचारलं की तुमी मधीच गप व्हायचा. समोर बघायचा, माज्याकडं नाय. मला वाटायचं, राग आला. कायतरी माजं चुकलं. म्हून मी इचारायचंच सोडलं.’

त्या वेळेत मी कुठे जात होतो ते मी या वहीत किती पानं लिहिलं. मी गेल्यावर इकडे कोण बसून राहत होतं, हे एकाही पानावर नाही.

तिने आमटी वाढली. मग, किती वर्षांनी कोण जाणे, विचारलं, ‘मीठ बरोबर हाय का?’

मी लगेच तिच्याकडे बघून म्हणालो, ‘बरोबर आहे.’

मीठ जास्त होतं. तिने स्वतः चाखून पाहिली, माझ्याकडे बघितलं, आणि हसली.